मुलांच्या वाचनाची बैठक

जुन्या घराण्याचें दफ्तर सोडलें म्हणजे संशोधकाची नजर प्रथम सनदा, महजर, निवाडपत्रें आणि वंशावळी यांजकडे जाते, व तें साहजिक आहे. त्याच रुमालांत पुष्कळदां असा एखादा कागद निघतो कीं ज्यावर एकच ओळ आठ-दहा वेळां लिहिलेली असते. वरची ओळ जाणत्या हाताची, वळणदार; खालच्या ओळी क्रमाक्रमानें वांकड्या होत गेलेल्या, आणि शेवटल्या ओळीवर शाईचा डाग. हा कोणा मुलाचा कित्ता. त्यांत मिती नसते, नांव नसतें, मुलुखाचा उल्लेख नसतो. म्हणून तो बाजूस सारला जातो, आणि रुमाल पुन्हा बांधतांना बाहेरच राहतो. अशा रीतीनें किती कित्ते नाहींसे झाले असतील याची गणती आतां होणें नाहीं.

लढाईची तिथि ठरविण्यास या कागदांचा उपयोग नाहीं हें कबूल. परंतु महाराष्ट्रांतील मुलें कोठें बसून वाचावयास शिकलीं, तेथें त्यांस स्वस्थता होती कीं धाक होता, आणि वाचनाची गोडी त्यांस कोठें लागली, हें विचारावयाचें झाल्यास याच पानांकडे वळावें लागतें. हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. इ. स. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, त्यांत गोष्टींचींहि पुस्तकें असावींत, असें ठरविलें. आणि आज पुष्कळ शाळांतून वर्गाच्या एका बाजूस चटई पसरून, मुलांच्या हाताला येतील अशीं पुस्तकें मांडून, ‘वाचनकोपरा’ केलेला दिसतो. ही कल्पना परदेशांतून आली असा सर्वसाधारण समज आहे. तिचे पुरस्कर्ते आणि तिला हंसणारे असे दोघेहि तोच समज धरून बोलतात. आमचें मत असें आहे कीं, मुलानें निर्धास्तपणें बसून पोथी-पुस्तकाशीं ओळख करून घ्यावी अशी जागा आमच्याकडे होती. ती शाळेंत मात्र नव्हती. ती शाळेंत येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ गेला, आणि ज्या अडचणींमुळें इतका काळ गेला त्यांतील सर्वच कांहीं लांकूड-चटईच्या नव्हत्या.

प्रथम साधनांविषयीं. पेशवाई गेल्यानंतर मुंबई सरकारनें आपल्या इलाख्यांतील एतद्देशीय शाळांची चौकशी केली. तिच्या कागदांचें विवेचन रा. वि. परुळेकर यांनीं इ. स. १९४५ सालीं इंग्रजी ग्रंथांत केलें आहे. इ. स. १८२९ च्या सुमाराच्या आंकड्यांप्रमाणें इलाख्यांत १७०५ शाळा व त्यांत सुमारें ३५ हजार मुलें होतीं; म्हणजे एका शाळेस सरासरीनें वीसएक मुलें पडतात. शाळेसाठीं म्हणून बांधलेली इमारत जवळ जवळ नव्हतीच. देऊळ, धर्मशाळा, एखाद्या सुखवस्तु गृहस्थाची ओसरी, किंवा पंतोजींचें राहतें घर, येथें शाळा भरे. छापील पुस्तक कोणत्याहि शाळेंत नव्हतें. चौकशी करणाऱ्या साहेबमंडळींनीं या दोन्ही गोष्टी दारिद्र्याच्या सदरांत घातल्या. पैकीं पहिली तशी घालावी असें आम्हांस वाटत नाहीं. ओसरी म्हणजे शेणानें सारवलेली, एका बाजूनें उघडी, वर छप्पर असलेली जागा. तेथें दुपारचें ऊन आंत येत नाहीं आणि उजेड तर भरपूर असतो. घर आणि रस्ता यांच्या मधली ती जागा असल्यामुळें मूल आईच्या हांकेच्या टप्प्यांत राहतें. पुढें सरकारी खर्चानें ज्या कोठीसारख्या खोल्या बांधण्यांत आल्या त्यांतील कित्येकांपेक्षां मुलाच्या डोळ्यांस व जिवास ओसरीच बरी होती. उणीव होती ती जागेंत नव्हे, तिचा उपयोग ज्या कामाकडे होई त्या कामांत.

तें काम लिहिण्याचें होतें. मुलाच्या हातीं प्रथम येई ती धूळपाटी. धूळपाटी म्हणजे लांकडी फळी. तिजवर बारीक धूळ किंवा विटकरीची पूड पसरावयाची, बोटानें वा काडीनें अक्षर काढावयाचें, आणि चुकलें तर फळी हालवून पूड पुन्हा सारखी करावयाची. यावरूनच ‘धुळाक्षर’ हा शब्द भाषेंत आला. ‘ओं नमः सिद्धम्’ या मंगलानें अक्षरओळख सुरू होई, आणि त्याचाच बाळबोली अवतार ‘ओनामा’ हा कोणत्याहि आरंभाचा वाचक होऊन बसला. कातंत्र व्याकरणाच्या पहिल्या सूत्राशीं या मंगलाचा संबंध जोडण्यांत येतो. पाणिनीच्या अभिमान्यांस (त्यांत आमचीहि गणना होते) हें फारसें रुचणार नाहीं. तथापि मुलांच्या पाटीवर राज्य चाललें तें कातंत्राचें, अष्टाध्यायीचें नव्हे, असें म्हणणें भाग आहे.

धूळपाटीचा एक गुण येथेंच सांगितला पाहिजे, कारण शिक्षणशास्त्रावरील नव्या पुस्तकांत तो नव्यानें सांगितलेला आढळतो. तिजवर चूक टिकत नाहीं. कागद महाग, शाई करण्यास खटपट, आणि एकदां पडलेला डाग जन्माचा; फळीवर मात्र मुलानें दहादां चुकावें आणि दहादां पुसावें. या एका बाबतींत ओसरीवरील मुलगा पुढील काळांतील तांबड्या शाईच्या मुलापेक्षां सुखी होता.

मुळाक्षरें, बाराखडी, जोडाक्षरें. मग अंक, उजळणी, पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. आणि सरतेशेवटीं मोडी पत्रें व जमाखर्च, असा शिक्षणाचा क्रम असे. त्यांत वाचनासाठीं म्हणून निराळी वेळ नव्हती. याचें कारण मोडीचें दफ्तर हाताळणाऱ्या वाचकांस विशेष फोड करून सांगण्याची जरूर नाहीं. आधीं आडवी रेघ ओढावयाची, तिच्या आधारानें अक्षरें लोंबवीत हात न उचलतां लिहीत जावयाचें. शब्द तुटत नाहींत, विराम नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. असा कागद वाचणें म्हणजे मजकूर निम्मा ठाऊक असावा लागतो. मायना, तिथि, ‘विशेष’ आणि शेवटचा ‘विनंति’ हे टप्पे पाठ असलेला कारकून तो सहज वाचतो. नऊ वर्षांच्या मुलास तो कुंपणासारखा वाटतो. म्हणून पत्रवाचन हें शाळेचें शेवटलें पाऊल असे, व बहुतेक मुलें त्याच्या अलीकडेच शेतावर किंवा दुकानावर जात. बाळबोध लिपीची स्थिति याहून बरी, पण जुन्या पोथींतहि शब्द सलगच असतात, आणि ओवीच्या दंडाखेरीज डोळ्यांस विसांवा नाहीं.

लेखनाविषयीं जितका विचार झाला तितका वाचनाविषयीं झाला नाहीं, हें ग्रंथांवरूनहि दिसतें. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेस वाहिलेला आहे. अक्षराचें वळण, ओळींतील अंतर, पानाचे समास, शाई, सुरी, कातर, सर्व कांहीं त्यांत आहे. इतकेंच नव्हे, तरुणपणीं फार बारीक लिहिलें तर म्हातारपणीं तें उपयोगी पडत नाहीं, म्हणून मध्यम अक्षर लिहिण्याची संवय करावी, येथपर्यंत समर्थांनीं वाचकाच्या डोळ्यांची काळजी वाहिली आहे. ती काळजी म्हाताऱ्या वाचकाची आहे. लहान वाचकाची अशी काळजी वाहणारा मराठी ग्रंथ आमच्या पाहण्यांत त्या काळचा नाहीं.

शाळेंतील गोंगाट हा दुसरा विषय. प्रत्येक मुलाचा धडा निराळा, आणि प्रत्येकजण आपापला धडा उंच स्वरानें घोकणार. थोर मुलें धाकट्यांस सांगणार. पंतोजी मध्यें बसून कान ठेवणार. आवाज थांबला कीं अभ्यास थांबला असा समज. मनांतल्या मनांत वाचणारा मुलगा अशा शाळेंत आळशी ठरला असता. तशांत पंतोजींचें वेतन पालकांकडून, पुष्कळदां धान्याच्या रूपानें, येई. बापास दिसण्यासारखें फळ म्हणजे मुलाचें वळणदार अक्षर आणि तोंडचा हिशेब. मुलगा गोष्टींत रमतो याबद्दल कोणी पायलीभर जोंधळे दिले नसते. पंतोजींस नांवें ठेवणाऱ्यांनीं हा व्यवहार ध्यानांत घ्यावा.

धाक होता, हें मात्र झांकून चालणार नाहीं. छडी, अंगठे धरून उभें करणें, पळालेल्या मुलास थोर मुलांकडून उचलून आणविणें, हे प्रकार सर्वत्र होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांच्या आत्मचरित्रावरून, जें अ. का. प्रियोळकर यांनीं १९४७ सालीं संपादिलें, त्या काळच्या मुंबईंतील शिक्षणाची कल्पना येते. पंतोजींच्या शाळेस सुवर्णयुग म्हणणारा एक पक्ष आहे व तिला केवळ छळखाना म्हणणारा दुसरा. इतिहासाच्या दृष्टीनें दोघांचेंहि समाधान करतां येत नाहीं. शाळा पुष्कळ होत्या, जागा बऱ्या होत्या, खर्च थोडा होता. आणि त्यांत वाचनास बैठक नव्हती.

मग ती कोठें होती? आमच्या मतें देवळाच्या सभामंडपांत आणि घरच्या ओटीवर. चातुर्मासांत, विशेषतः श्रावणांत, गांवोगांव पोथी लागे. श्रीधराचा हरिविजय शके १६२४ म्हणजे इ. स. १७०२ सालीं पुरा झाला, पांडवप्रताप १७१२ सालीं, शिवलीलामृत १७१८ सालीं. या तीन ग्रंथांनीं पुढील दोनशें वर्षें महाराष्ट्रांतील बायकामुलांस जेवढें वाङ्मय दिलें तेवढें कोणत्याहि शाळाखात्यानें दिलें नाहीं. तेथें मुलगा खांबाला टेंकून बसे, आजीच्या मांडीवर डोकें ठेवी, कंटाळला तर उठून जाई. त्याला कोणी कांहीं विचारीत नसे. पोथी सुट्या पानांची असते. वाचणारा एक पान हातीं घेतो, संपलें कीं पालथें घालतो. आमच्या लहानपणींहि पोथी छापील असली तरी सुट्या पानांचीच होती, आणि पुढचें पान उचलून देण्याचा मान घरांतील धाकट्या मुलाकडे असे. ही लहानशी गोष्ट मोठी महत्त्वाची आहे. कान जी ओवी ऐकत आहेत तीच डोळ्यांपुढें आहे; कथा पूर्वीच ठाऊक; कृष्ण आतां मडकें फोडणार हें माहीत. अशा ओळखीच्या मजकुरांत मुलगा हळूहळू अक्षरें हेरूं लागतो. शाळेंत अक्षरापासून अर्थाकडे जावयाचें होतें. येथें अर्थ आधींच हातांत होता व अक्षर मागून येई. सलग लिहिलेल्या ओळीचें जें कुंपण वर सांगितलें तें या वाटेनें पुष्कळच ठेंगणें होतें.

पोथ्यांच्या शेवटीं लेखकानें वाचकास केलेली विनवणी सर्व संग्राहकांस पाठ असते: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून ग्रंथ जपावा. आणखी एक श्लोक पुष्कळ पोथ्यांत सांपडतो. त्यांत लेखक सांगतो कीं पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टि ताठ करून हा ग्रंथ मोठ्या कष्टानें लिहिला आहे. बैठकीच्या सुखदुःखाविषयीं जुन्या हस्तलिखितांत स्वतः त्या बैठकीवर बसलेल्या माणसाची साक्ष मिळते ती बहुधा एवढीच. मुलाची समाप्तिलेखा कोठेंच नाहीं. त्याच्या बाजूनें बोलतात ते तेलाचे ठसे, समासांतील घोडे व हत्ती, आणि पालथ्या पानावर केलेला बाराखडीचा सराव. सूची करतांना ‘पोथी खराब, मुलांनीं रेघोट्या ओढलेल्या’ असा शेरा मारून आपण मोकळे होतों. परंतु ती पोथी मुलांच्या हातीं दिली जात होती, याचा तोच पुरावा असतो.

छापखाना आल्यावर या दोन जागा, शाळेची व पोथीची, एकत्र येण्याचा पहिला योग आला. मुलांसाठीं शाळा व पुस्तकें करणारी मंडळी मुंबईस १८२२ सालीं स्थापन झाली. तिच्या आश्रयानें सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं केलेला ‘बाळमित्र’ पहिला भाग आणि ‘इसापनीतिकथा’ हीं १८२८ सालीं निघालीं. बाळमित्राचें मूळ बर्कें या फ्रेंच लेखकाचें, तें इंग्रजीच्या द्वारें मराठींत आलें. मोठ्यांची पोथी मुलानें बाजूस बसून ऐकावी, याऐवजीं मुलाचें म्हणून पुस्तक असावें ही गोष्ट आमच्याकडे तेव्हांपासूनची. पुढें थॉमस कँडी यांनीं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें पुस्तक १८५० सालीं लिहिलें. स्वल्पविराम, पूर्णविराम हीं आज इतकीं अंगवळणीं पडलीं आहेत कीं त्यांचा उपकार कोणी मानीत नाहीं; कँडीची मराठी सोंवळ्या पंडितांस रुचली नाहीं, व तिच्याविषयींची टीका पुष्कळशी न्याय्यहि आहे. परंतु शब्द सुटे झाले, वाक्याचा शेवट दिसूं लागला, आणि मुलाच्या डोळ्याला ओळीमध्यें बसावयास जागा झाली. बैठक केवळ जमिनीवर असते असें नाहीं; ती पानावरहि असावी लागते.

तथापि पुस्तक शाळेंत आलें तें पंतोजींच्या शिस्तीच्या स्वाधीन झालें. वाचन म्हणजे उभें राहून, पुस्तक डाव्या हातांत धरून, साऱ्या वर्गास ऐकूं जाईल असें वाचणें, अडखळल्यास छडी, आणि डिपुटी परीक्षेस आले म्हणजे तोच धडा पुन्हा. इंग्रजी शाळांत बाकें आलीं, खेड्यांत तरटपट्टी राहिली. आम्हांस बाकाचें कौतुक नाहीं. बाकावरील मुलगा पाय लोंबकळत ठेवून समोर पाहतो. तरटपट्टीवरील मुलगा शेजाऱ्याच्या पुस्तकांत डोकावूं शकतो, आणि पुस्तक एक व मुलें तीन अशा शाळांतून या डोकावण्यावरच पुष्कळांचें शिक्षण झालें.

विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून आणि वासुदेव गोविंद आपटे यांचें ‘आनंद’ १९०६ पासून निघूं लागलें, तेव्हां घरीं बसून, परीक्षेच्या धाकावांचून वाचावयाचा मजकूर नियमानें मिळूं लागला. हीं मासिकें ज्या घरांत येत तीं घरें थोडीं. शाळांनीं तीं घेतलीं तरी तीं कपाटांत राहत. ज्या शाळेंत आमचीं वर्षें गेलीं तेथें पुस्तकांचें कपाट होतें, पुस्तकेंहि चांगलीं होतीं; कपाट मात्र मुख्याध्यापकांच्या खोलींत, आणि किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणांत. मुलानें पुस्तक मागावयाचें तर त्या खोलींत जावयाचें, जेथें एरवीं शिक्षेसाठींच जाणें होई. पुस्तक हरवल्यास किंमत भरून घेण्याचा नियम भिंतीवर टांगलेला होता, व त्यामुळें पुस्तकें सुरक्षित राहिलीं. निवृत्तीच्या आदल्या वर्षीं आम्हीं तें कपाट झाडलें तेव्हां कित्येक पुस्तकांचीं पानें फाडावयाचीं तशींच जोडलेलीं होतीं. पोथीसंग्राहकास न उलगडलेलें पान पाहून आनंद होतो. शाळामास्तरास होत नाहीं.

येथवर जागेचा विचार झाला. आतां त्या जागेवर कोणास बसूं दिलें जाई, हें पाहिल्यावांचून वरील सर्व वर्णन अपुरें आहे. पोथी लागे त्या सभामंडपांत गांवांतील सर्वांस प्रवेश नव्हता, आणि ओसरीवरील शाळेंतहि नव्हता. सरकारी शाळा निघाल्या तेव्हां दार उघडेल अशी आशा होती. इ. स. १८५६ च्या जून महिन्यांत धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत घेण्याविषयीं अर्ज केला. एका मुलासाठीं इतरांस दुखवून शाळा ओस पाडावयाची काय, अशा विचारानें मुंबई सरकारनें तो मान्य केला नाहीं. हे कागद छापलेले आहेत व आमच्या मंडळींनीं ते एकदां तरी वाचावेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे साताऱ्यास शाळेंत असतांना त्यांस वर्गांत इतर मुलांपासून दूर, एका कोपऱ्यांत, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. तें गोणपाट शाळा झाडणारा गडीहि शिवत नसे; म्हणून तें रोज घरीं न्यावें व दुसऱ्या दिवशीं परत आणावें लागे. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या मुलानें पुढें देशांतील मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांपैकीं एक जमविला त्याची शाळेंतील वाचनाची बैठक ही अशी होती. आज ‘वाचनकोपरा’ हा शब्द उच्चारतांना आमच्या मनांत हा कोपरा आल्यावांचून राहत नाहीं.

सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा सर्वांस खुल्या असाव्यात असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं मंजूर केला. ठराव आणि तरटपट्टी यांत अंतर पुष्कळ. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून, त्याच साताऱ्यांत, निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहतील, एकत्र जेवतील असें वसतिगृह चालविलें. एका दिव्याभोंवतीं सर्व जातींच्या मुलांनीं पुस्तक उघडून बसणें ही गोष्ट त्या गांवांत पंचवीस वर्षांपूर्वीं कोणास खरी वाटली नसती.

मुलींचें निराळेंच. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, हें सर्वविश्रुत आहे. पण शाळेंत न गेलेली मुलगी घरांत कोठें बसून वाचीत असे, याचें उत्तर पाहिजे असल्यास रमाबाई रानड्यांच्या १९१० सालीं निघालेल्या आठवणी पाहाव्यात. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्या रानड्यांच्या घरीं आल्या त्या निरक्षर. पतीनें रात्रीं शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडील बायकांस तें खपत नव्हतें. दिवसा माजघरांत टोमणे, रात्रीं आपल्या खोलींत धडा. मोठ्या वाड्यांत जागेचा तुटवडा नव्हता. मोकळेपणानें वाचावयास एक कोपरा मात्र नव्हता.

पुस्तक, मूल आणि धाक नसलेली बैठक या तिहींचा मेळ पहिल्यानें पडला तो पुण्या-मुंबईबाहेर, ज्या दोन ठिकाणीं मराठी माणसांचा हात होता तेथें. सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली प्रांतांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें व १९०६ सालीं तें सर्व राज्यांत नेलें. शिकलेला मुलगा पुस्तकांवांचून शिक्षण विसरतो हें ध्यानांत येऊन १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस बडोद्यास आणविलें. मध्यवर्ती ग्रंथालयांत मुलांसाठीं निराळा विभाग झाला. तेथें चित्रांचीं पुस्तकें व खेळ एकत्र ठेवलेले असत. खेड्यांसाठीं पुस्तकांच्या लांकडी पेट्या गांवोगांव फिरत. पुस्तकाच्या शेजारीं खेळ ठेवावा, हा विचार त्या काळीं कित्येकांस पोरकटपणाचा वाटला असेल. पण पोथी ऐकतां ऐकतां उठून जाणाऱ्या मुलाची मोकळीक त्यानें ग्रंथालयांत आणली.

दुसरें ठिकाण भावनगर. तेथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं दक्षिणामूर्ति बालमंदिर काढलें, आणि त्यांच्या कामांत ताराबाई मोडक सामील झाल्या. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकांतील शिक्षक पाठ्यपुस्तकांस लागणारा पैसा एकत्र करून गोष्टींचीं पुस्तकें आणतो व वर्गांतच लहानसें ग्रंथालय मांडतो. आधीं गोष्ट सांगतो, मग तीच गोष्ट मुलांच्या हातीं देतो. पोथीची जुनी रीत ती हीच. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरला शिशुविहार सुरू केलें. आणि १९४५ सालीं त्या बोर्डीस गेल्या. बोर्डीस त्यांस जो अनुभव आला तो आमच्या विषयाला फार जवळचा आहे. बालवाडी नीट मांडली तरी वाड्यांवरचीं मुलें तिकडे येईनात. तेव्हां ताराबाई आणि अनुताई वाघ मुलांच्याच अंगणांत गेल्या, तेथेंच त्यांस आंघोळ घातली, तेथेंच गोष्ट सांगितली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतून आला. पुढें १९५७ सालीं काम कोसबाडच्या टेंकडीवर गेलें, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली. इमारत नाहीं, जमीन सारवलेली, मूल आईच्या हांकेच्या टप्प्यांत: १८२९ च्या कागदांतील ओसरी येथें पुन्हा दिसते. फरक एवढाच कीं पंतोजींच्या जागीं गोष्ट सांगणारी बाई आहे, आणि ओसरीवर ज्यांस येतां येत नव्हतें तींच मुलें आतां समोर बसलीं आहेत.

या सर्व कालखंडांत पुराव्याचा जो भाग छापलेला नाहीं तो आमच्या वाचकांच्याच फडताळांत आहे. म्हणून एक विनंति. दफ्तरांत कित्त्याचें पान निघाल्यास तें ज्या रुमालांत निघालें त्याच रुमालांत ठेवावें, व त्यावर तशी चिठी लावावी. शेजारच्या कागदांवरून त्याचा काळ व घर ठरूं शकतें, सुटें झाल्यावर तें ठरत नाहीं. पोथीच्या समासांतील मुलांचीं चित्रें व सराव खोडूं नयेत, आणि सूचींत त्यांचा पानांक द्यावा. कित्त्याची वरची ओळ काय आहे तें उतरून घ्यावें: ती ओवी आहे, पत्राचा मायना आहे, कीं हिशेबाचें कलम, यावरून तो मुलगा पोथीकडे चालला होता कीं कचेरीकडे, हें समजतें. धूळपाट्या तर फारच थोड्या राहिल्या आहेत. माळ्यावर एखादी सांपडली तर ती धुऊं नये, भेगांत अडकलेली पूड तशीच असूं द्यावी. शाळामास्तरांनीं ठेवलेलीं हजेरीचीं व पुस्तकें दिल्या-घेतल्याचीं बाडें रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावींत. कोणत्या मुलानें कोणतें पुस्तक नेलें, आणि तें किती दिवसांनीं परत आणलें, हें त्यांत असतें.